दाराखालची उजेडाची रेघ: लहानपणच्या सुखाची हुरहूर येते कुठून?

घरातल्या लहानग्याच्या पेन्सिलीला टोक करून देत होते. शार्पनरमधून लाकडाची पातळ साल गोल गोल फिरत बाहेर आली. तिच्या कडेला रंगाची बारीक लाल किनार होती. ती बोटांवर पडली, वास नाकात गेला आणि हात थांबले. क्षणभर मी सात वर्षांची होते. वर्ग कुठला, बाक कुठला, शेजारी कोण बसलं होतं, यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की तेव्हा बरं वाटत होतं. आणि पाठोपाठ पोटात खड्डा पडल्यासारखं झालं.

सुखाची आठवण आली तर सुख वाटायला हवं. मग हा खड्डा कसला? लहानपण आठवताना गोड आणि कडू एकाच घोटात का येतं, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. पण 'गेले ते दिवस' असं म्हणून आपण उसासा टाकतो आणि कामाला लागतो. मला तो तसाच सोडवेना. वाचायला लागले तेव्हा कळलं, की या एका भावनेमागे आठवणींची घडण आहे, मेंदूची रचना आहे, वेळ मोजायची आपली पद्धत आहे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याला सांभाळणारी माणसं आहेत.

दुखणं की रंजन?

नॉस्टॅल्जियाला मराठीत 'स्मरणरंजन' म्हणतात. शब्द छान आहे, पण मला तो अपुरा वाटतो. त्यात रंजन आहे, दुखणं नाही. मूळ शब्दात मात्र दुखणंच आहे. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी दोन ग्रीक शब्द जोडले. 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. घरापासून लांब गेलेल्या माणसाची झोप उडते, भूक मरते, ताप येतो, सारखं घर डोळ्यांपुढे येतं. हा आजार आहे आणि रुग्णाला घरी पाठवणं हाच त्यावरचा इलाज, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे बराच काळ डॉक्टरांनी हे निदान मानलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं, त्यात उत्तरेकडच्या सैन्यातल्या डॉक्टरांनी नॉस्टॅल्जियाचे ५,००० हून अधिक रुग्ण नोंदवले होते.

तेव्हा हे दुखणं जागेसाठी होतं. ते काळासाठी असतं, हे ज्यांनी ओळखलं त्यांत जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट होता. १७९८ मध्ये त्याने लिहिलं, की असे लोक पुढे आपल्या जुन्या ठिकाणी जाऊन आले की त्यांची निराशा होते आणि त्या निराशेनेच ते बरे होतात. तिथलं सगळं बदललं, असं त्यांना वाटतं. खरं तर त्यांना हवं असतं तिथे घालवलेलं कोवळं वय, आणि ते त्यांना परत आणता येत नाही.

हा अनुभव ज्याला आला नाही असा माणूस विरळाच. जुन्या घराच्या खिडकीशी जाऊन उभं राहावं आणि जी चौकट गाठायला टाचा उंचवाव्या लागत होत्या, ती आता कमरेला लागावी. खिडकी तीच असते. ज्या उंचीवरून ती पाहिली होती, ती उंची आता उरलेली नसते.

म्हणून मला आपला 'हुरहूर' हा शब्द जास्त खरा वाटतो. हुरहूर लागते तेव्हा नेमकं काय हवंय ते सांगता येत नाही. पण काहीतरी हवंय हे नक्की असतं.

वासाची वाट

आता पेन्सिलीबद्दल. एवढ्याशा वासाने जे केलं, ते जुन्या फोटोंच्या अख्ख्या गठ्ठ्याने का केलं नसतं?

डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातं. वासाला हा नाका लागत नाही. नाकातून निघालेला संदेश गंधकंदात, म्हणजे मेंदूच्या वास टिपणाऱ्या भागात येतो आणि तिथून भावनांशी जोडलेल्या अमिग्डालापर्यंत थेट पोचतो. आठवणी जुळवणारा हिप्पोकॅम्पसही तिथून फार लांब नाही. त्यामुळे कशाचा वास आहे हे सुचायच्या आत मन भरून आलेलं असतं.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वयस्कर लोकांना काही शब्द दिले, काही चित्रं दाखवली, काही वास दिले आणि प्रत्येकावरून आयुष्यातलं काय आठवतं ते विचारलं. शब्द आणि चित्रांवरून आलेल्या आठवणी बहुतेक अकरा ते वीस या वयातल्या होत्या. वासांनी मात्र त्यांना वयाच्या पहिल्या दहा वर्षांत नेलं. लहानपणच्या कप्प्याची किल्ली नाकाकडे असते, असं म्हणायला हरकत नाही.

आठवण रोज नव्याने शिवली जाते

आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो, पेटी उघडली की तो जसाच्या तसा हाती येतो, असं आपण धरून चालतो. तसं ते नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिलं, की लोक ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना नकळत बदलतात. अनोळखी तपशील गाळतात, ओळखीचे घालतात, आपल्या समजुतीत बसेल असं करून घेतात. पुढे २००० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून असं दिसलं, की जागी झालेली आठवण काही काळ कच्ची होते आणि मेंदूला ती पुन्हा पक्की करावी लागते. हे उंदरांच्या भीतीबद्दल होतं. माणसाची आठवणही अशीच प्रत्येक वेळी उसवून शिवली जात असेल, तर त्यात आजचा धागा येणारच.

हे किती दूरवर जाऊ शकतं? २००२ मध्ये संशोधकांनी २० प्रौढ माणसांच्या लहानपणच्या फोटोंत फेरफार केला आणि ते गरम हवेवर उडणाऱ्या मोठ्या फुग्याच्या पाळण्यात बसले आहेत असं दाखवलं. त्यांच्यातलं कुणीही लहानपणी अशा फुग्यात बसलेलं नव्हतं. दोन आठवड्यांत तीन वेळा त्यांच्याशी बोलणं झालं, तोवर निम्म्या लोकांना ती सफर थोडीफार किंवा पूर्ण 'आठवायला' लागली होती.

शिवाय, लहानपणातलं आपल्याकडे उरतंच किती? पहिल्या दोन-तीन वर्षांतलं बहुतेकांना काहीच आठवत नाही. ते विसरणंही मोठेपणी घडत नाही, लहानपणीच घडतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया बाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्याने तीन वर्षांच्या मुलांचं आईवडिलांशी झालेलं बोलणं नोंदवून ठेवलं आणि काही वर्षांनी मुलांना तेच प्रसंग विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना ६० टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ४० टक्केही आठवेनात. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेक पालकांना वाईट वाटलं असेल. इतक्या हौसेने केलेल्या गोष्टी मूल दहाचं व्हायच्या आत विसरतं.

जे उरतं त्यावरही एक संस्कार होत राहतो. वाईट प्रसंगातली कडू भावना लवकर विरते, चांगल्या प्रसंगातली गोड भावना जास्त टिकते. तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये याबद्दलचे पुरावे एकत्र मांडले. प्रसंग लक्षात राहतो, त्याचा डंख जातो. वर्गाबाहेर उभं केल्याची हकीकत आज आपण रंगवून सांगतो, पण त्या दिवशी पाय थरथरत होते, घसा कोरडा पडला होता आणि घरी कळलं तर काय, या भीतीने दुपारभर पोट दुखत होतं. ते थरथरणं आठवणीतून निघून गेलं. सुट्ट्यांचंही असंच. आठ-दहा सुट्ट्या एकमेकींत मिसळतात आणि एकच लांबलचक सोनेरी दुपार तयार होते. अशी दुपार एकदाही झालेली नसते.

तरीही काहीतरी खरं होतं

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग हे सुख म्हणजे मनाचे खेळ आहेत. मला ते पटत नाही. तपशील पुसट झाले म्हणून अनुभवच खोटा ठरत नाही. लहान मूल दिवसातून चार वेळा रडतं, अंधाराला घाबरतं, स्वतःच्या मनाने काहीच करू शकत नाही. हे सगळं कबूल. तरी त्याच्या जगण्यात असं काहीतरी असतं जे मोठ्या माणसाच्या जगण्यात नसतं.

एक म्हणजे वेळ. पाच वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा आणि पन्नाशीतल्या माणसासाठी पन्नासावा, म्हणून वर्षं भराभर जातात असं वाटतं. फ्रान्समधले तत्त्वज्ञ पॉल जाने यांनी १८७७ मध्ये हा हिशेब मांडला. हिशेब आकर्षक आहे, पण मला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचं १८९० मधलं स्पष्टीकरण अधिक पटतं. लहानपणी रोज काही ना काही पहिल्यांदा घडतं आणि ते ठसठशीत उमटतं. मोठेपणी दिवस एकमेकांसारखे होतात, मागे वळून पाहिलं तर मोजायला खुणाच सापडत नाहीत.

दुसरं म्हणजे लक्ष. अॅलिसन गोपनिक या मानसशास्त्रज्ञ मोठ्यांच्या आणि लहानांच्या लक्षाची फार छान तुलना करतात. मोठ्यांचं लक्ष टॉर्चसारखं असतं, एका कामावर झोत आणि बाकी अंधार. लहान मुलाचं लक्ष कंदिलासारखं, चारी बाजूंना सारखं पसरलेलं. मुंगी, भिंतीचा पोपडा, पाण्यावर हलणारं ऊन, सगळं एकाच मोलाचं. त्या कंदिलाने कामं उरकत नाहीत. जग मात्र भरलेलं दिसतं.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांच्या मुळाशी आहे. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्यांनी १९५८ मध्ये एकटं राहण्याच्या क्षमतेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातलं मर्म वरकरणी उलटं वाटतं. मूल एकटं राहायला शिकतं ते कुणीतरी जवळ असताना. आई खोलीत आहे. ती खेळत नाही, बोलतही नाही, तिचं काहीतरी चाललंय. मूल आपल्या खेळात आहे. ती आहे याची त्याला इतकी खात्री आहे की ते तिला विसरू शकतं. या विसरण्यातच त्याचं स्वातंत्र्य असतं.

हे वाचलं तेव्हा मला माझी खोली आठवली. दिवा मालवलेला, पांघरूण हनुवटीपर्यंत, दार ओढून घेतलेलं. दाराखालच्या फटीतून उजेडाची एक रेघ फरशीवर पडलेली. मधूनच ती मोडायची, म्हणजे पलीकडून कुणीतरी गेलं. आईबाबांच्या बोलण्याची गुणगुण यायची, शब्द कळायचे नाहीत, आणि कळायची गरजही नव्हती. कुणीतरी जागं आहे, म्हणून मी झोपू शकते, हा विचार तेव्हा मी कधी केला नाही. करावा लागला नाही, हेच त्यातलं सुख होतं.

मोठेपणी नेमकं हेच हातून निसटतं. आता दार नीट लावलंय का ते आपण पाहायचं. कुणाला बरं नसेल तर रात्री उठून आपण बघायचं. दिवे मालवणारे शेवटचे आपणच असतो. पोटातला तो खड्डा खेळण्यांसाठी किंवा सुट्ट्यांसाठी नसतो, असं मला आता वाटतं. आपल्या वाटणीचं जागरण दुसरं कुणी करत होतं, त्या रात्रींसाठी तो असतो.

ज्यांच्या दाराखाली रेघ नव्हती

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. 'रम्य ते बालपण' हे सगळ्यांचं नसतं. अमेरिकेत १९९८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हजारो प्रौढांना बालपणातली मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली व्यसनं, आईला झालेली मारहाण अशा गोष्टींबद्दल विचारलं होतं. निम्म्याहून अधिक लोकांनी यातलं किमान एक तरी सोसलेलं होतं.

अशा माणसांपुढे बालपणाच्या गोड गप्पा रंगतात तेव्हा ती गप्प बसतात. त्यांनाही हुरहूर असते, पण ती जे मिळालंच नाही त्याची. तिच्याकडे परतायला आठवणसुद्धा नसते. कुणी लहानपणाचा विषय टाळत असेल तर खोदून विचारू नये, एवढं तरी आपण पाळावं.

हुरहूर कधी येते, आणि कधी बाधते

इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस, टिम विल्डशुट आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं याच भावनेचा अभ्यास करत आले आहेत. २००६ मधल्या त्यांच्या शोधनिबंधातून दिसलं, की मन खट्टू असताना, विशेषतः एकटं वाटत असताना, ही भावना जास्त दाटून येते. आणि ती आल्यावर माणसाला इतरांशी जोडलेलं असल्यासारखं वाटतं. होफरने जिला आजार म्हटलं, ती त्या आजारावर शरीराने स्वतःच काढलेला काढा निघाली. आपण एकाकी असतो तेव्हा मन जुन्या माणसांना बोलावून आणतं.

पण हा काढा सगळ्यांना मानवत नाही. २०१२ मध्ये मानसशास्त्रज्ञ बास व्हेरप्लांकेन यांनी दाखवलं, की ज्यांना सतत काळजी करायची सवय असते त्यांना जुन्या आठवणींनी क्षणभर बरं वाटतं आणि मग ते जास्त खचतात. तेव्हाचा निर्धास्तपणा आणि आजचा घोर शेजारी शेजारी उभे राहतात आणि आजचा घोर दुप्पट दिसतो. असं होत असेल तर फोटो चाळत बसण्यापेक्षा त्या फोटोतल्या कुणाला तरी फोन केलेला बरा, असा माझा अनुभव आहे. तुलना सुटते, माणूस हाती लागतो.

अजून एक गल्लत फार होते. 'आमच्या वेळी सगळं कसं साधं होतं' असं आपण म्हणतो. काळ साधा नव्हता, आपण लहान होतो. त्या काळातही मोठी माणसं नोकरीची, आजारपणाची, युद्धाच्या बातम्यांची काळजी करत होती. आपल्यापर्यंत ती पोचू दिली गेली नाही. आपल्या सात वर्षांच्या वयाचं सुख आपण त्या जमान्याच्या नावावर जमा करतो, आणि मग तो जमाना परत आणून देण्याच्या गोष्टी कुणी केल्या की भुलतो. ज्यांनी काळजी अडवून धरली त्यांचं श्रेय मात्र त्यांना मिळत नाही.

हे सगळं डोक्यात घोळत होतं म्हणून परवा आईला विचारलं, "आई, मी झोपल्यावर तुम्ही दोघं रोज काय बोलत बसायचात गं?"

"काय बोलणार," ती म्हणाली. "पैसे पुरायचे नाहीत. कुणाचे आधी द्यायचे, कुणाला थांब म्हणायचं, तेच. पण तू झोपलीस याची खात्री झाल्याशिवाय विषय काढायचा नाही, असं आमचं ठरलेलं होतं."

किती पैसे होते, कुणाचे होते, ते तिला आठवेना. थोडा वेळ तिने आठवून पाहिलं आणि नाद सोडला.

"आणि तू झोपायचीस कुठे लवकर," ती म्हणाली. "अंधारात पडल्या पडल्या एकटीच बडबडायचीस. दोन-दोन आवाज काढून. तू थांबेपर्यंत आम्ही ऐकत बसायचो. ते मात्र अगदी लख्ख आठवतं."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. "कसले आवाज?" मी विचारलं.

तिने दोन्ही काढून दाखवले.